साडेसहा गुंठ्यांची पेटी

फुटबॉलचं मैदान लहानमोठं चालतं. लांबी शंभर यार्डांपासून एकशेतीस यार्डांपर्यंत, रुंदी पन्नासपासून शंभरपर्यंत. जागा असेल तसं घ्या. पण गोलपुढची जी मोठी चौकोनी पेटी असते, पेनल्टी एरिया, तिच्यात इकडचं तिकडं चालत नाही. मैदान कितीही आखूड असो, पेटी तेवढीच. आमची पोरं तिला ‘डी’ म्हणतात. खरं तर तो शब्द हॉकीतला, तिथली पेटी अर्धगोल असते म्हणून. पण मलंगगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावांत डी म्हटलं की फुटबॉलवाल्यांना बरोबर कळतं.

आमचा पट्टा मुळात कबड्डीचा. पुढे टेनिस बॉलचं क्रिकेट आलं. फुटबॉल कल्याणच्या रेल्वे कॉलनीतल्या पोरांमुळे कळला. आम्ही शाळेला कल्याणला जायचो, ती पोरं संध्याकाळी खेळत असायची. बघता बघता आम्हीही शिरलो. शाळेतल्या पीटीच्या सरांनी मैदान आखायचं काम माझ्याकडे दिलं, कारण मला मोजणीची साखळी धरता येत होती. बापाने शिकवलेली. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांची. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शहरात आता फ्लॅटचं माप चौरस फुटात सांगतात, पण आमच्या डोक्यात अजून गुंठाच बसलेला आहे.

तर सरांनी यार्डांत माप सांगितलं आणि मी ते साखळीत बसवलं. गोलच्या दोन खांबांमधलं अंतर आठ यार्ड, म्हणजे चोवीस फूट. प्रत्येक खांबाच्या आतल्या बाजूपासून बाहेर अठरा यार्ड, म्हणजे चौपन्न चौपन्न फूट. बेरीज एकशेबत्तीस फूट. बरोबर चार साखळ्या! इंग्रजांच्या खेळाचं माप आमच्या साखळीत असं नेमकं बसलं याची मला तेव्हा फार गंमत वाटली. मैदानाच्या आत खोली चौपन्न फूट, म्हणजे एक साखळी दहा आणे आणि वर थोडं. सगळं गुणून भागून पाहिलं तर एक पेटी साडेसहा गुंठ्यांची भरते. आमच्या गावात एवढ्या जागेत एका घराचं वर्षाचं तांदूळ जेमतेम निघतं.

पेटीच्या आत गोलरेघेपासून बारा यार्डांवर एक ठिपका. तिथून पेनल्टी मारायची. म्हणजे छत्तीस फूट, एक साखळी आणि वर तीन फूट. पेटीच्या पुढे जी कमान काढतात तिला बरेच जण शोभा समजतात. ती शोभा नाही. ठिपक्यावर खुंटी ठोकायची, तीस फुटांची सुतळी बांधायची आणि फिरवायची. पेटीच्या बाहेर जेवढा तुकडा येईल तेवढाच फक्कीने आखायचा. मारणारा आणि गोली सोडून बाकीच्यांनी पेनल्टीच्या वेळी चेंडूपासून दहा यार्ड लांब राहायचं असतं, त्यासाठी ती कमान. ती पेटीत धरत नाहीत. कमानीत पाडलं तर पेनल्टी नाही, साधी फ्री किक.

आता पेटीचा कायदा. मैदानात कुठेही कुणाला तंगडी घातली, ओढलं, ढकललं किंवा मुद्दाम हात लावला तर समोरच्याला फ्री किक मिळते. भिंत उभी करा, दहा जण मागे या, अडवा. तोच गुन्हा आपल्याच पेटीत केला की पेनल्टी. भिंत नाही, मदत नाही. बारा यार्डांवरून एक माणूस मारणार आणि एकटा गोली अडवणार. गुन्हा तोच, पाय तोच, जागा बदलली की किंमत बदलली. आमच्या घरात पाहा ना. चिखलाचे पाय अंगणात कुणी बघत नाही. ओटीवर आले तर आई ओरडते. देवघरात आले तर त्या दिवशी जेवण नाही. चिखल मात्र एकच.

यातल्या काही गोष्टी खेळणाऱ्यांनाही धड माहीत नसतात. चेंडू पेटीत असायलाच हवा असं नाही. चेंडू चालू असताना तो पार दुसऱ्या टोकाला असला आणि इकडे बचाववाल्याने आपल्या पेटीत कुणाला लाथ मारली, तरी पेनल्टीच. गुन्हा कुठे झाला ते बघायचं. पकडापकडी पेटीबाहेर सुरू झाली आणि ओढत ओढत आत आली, तर तीही पेनल्टी. उलट पेटीतला प्रत्येक गुन्हा पेनल्टीचा नसतो. आपल्याच गड्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलीने हातात घेतला, तर 1992 पासून तो गुन्हा आहे, पण त्याला आडवी फ्री किक मिळते, म्हणजे थेट मारलेला गोल धरत नाहीत. गोलीचे हात चालतात ते फक्त त्याच्या पेटीत. बाहेर तो बाकीच्या दहांसारखाच. आणि तिथे गोली कुठे उभा आहे हे बघायचं नसतं, चेंडू कुठे आहे ते बघायचं. पाय बाहेर पण चेंडू रेघेवर, तर हात लावायला मोकळा.

कारण रेघ ज्या जागेला वेढते, त्या जागेचीच असते. म्हणजे पेटीची रेघ पेटीची. रेघेवर केलेला गुन्हा आत केल्यासारखाच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून आमच्याकडे महाभारत झालं.

हा कायदा काढला कुणी? मला वाटायचं लंडनच्या कुणा साहेबाने. पण तो निघाला एका खेड्यातून. आयर्लंडमधल्या आर्माच्या जवळ मिलफर्ड म्हणून गाव आहे. तागासारख्या जवसाच्या धाग्याचं कापड विणणाऱ्या गिरणीभोवती वसलेलं. गिरणीमालकाचा मुलगा विल्यम मॅक्रम तिथल्या संघाचा गोली होता. संघ काही भारी नव्हता, पहिल्याच आयरिश लीगमध्ये शेवटचा आला. पण गोलात उभं राहून राहून त्याने एक गोष्ट पाहिली होती. गोल होणार असं दिसलं की बचाववाले सरळ माणूस पाडतात नाहीतर हाताने चेंडू अडवतात, आणि त्यात त्यांचा फायदाच होतो. त्याने पेनल्टीची सूचना मांडली. मोठ्या घरच्या खेळाडूंना तो अपमान वाटला. सभ्य माणूस मुद्दाम पाडतो असं समजायचंच कसं, असं त्यांचं म्हणणं.

मग फेब्रुवारी 1891 मध्ये इंग्लंडच्या एफ.ए. कपात नॉट्स काउंटी आणि स्टोक यांचा सामना झाला. नॉट्स एका गोलने पुढे. शेवटी शेवटी स्टोकचा चेंडू गोलात शिरत असताना नॉट्सच्या एका गड्याने तो रेघेवरून हाताने बाहेर काढला. गोलीने नाही, साध्या खेळाडूने. कायद्याप्रमाणे स्टोकला फ्री किक मिळाली, गोलपासून काही इंचांवर. गोली चेंडूसमोर येऊन उभा राहिला आणि चेंडू अडला. नॉट्स जिंकले. चोरी उघड झाली, चोर सापडला, आणि माल चोराकडेच राहिला. त्याच वर्षी 2 जूनला पेनल्टीचा कायदा मंजूर झाला. आधी पेटी नव्हती, मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बारा यार्डांवर एकच रेघ होती. आजची चौकोनी पेटी 1902 मध्ये आली. गोलीला तर 1912 पर्यंत मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागात कुठेही हात लावायला परवानगी होती. म्हणजे ही साडेसहा गुंठ्यांची हद्द एका दिवसात ठरलेली नाही. भांडत भांडत ठरली.

भांडणावरून आता आमच्याकडचं सांगतो.

आमची वडिलोपार्जित वरकस जमीन आहे. भाताची नाही, गवताची. पूर्वी दिवाळीनंतर गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. गवत उठलं की तिथे पोरं मैदान करायची. शंभर यार्ड लांब, साठ रुंद, पन्नास गुंठ्यांच्या आतबाहेर. 2005 साली आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. मोजणी आली, दगड पुरले. पूर्वेचा भाग माझा, पश्चिमेचा धाकट्याचा. दगड कुठे बसला यावरून दोघांत बिनसलं, ते बोलणं बंद होईपर्यंत. लग्नाच्या पंगतीत समोरासमोर बसायचो, पण वाढप्याला सांगायचो, त्यांना भात वाढ. मैदान मात्र मोडलं नाही. पोरं दोघांच्या जागेत खेळत राहिली. एक गोल माझ्या हद्दीत, एक त्याच्या. फक्की मारायचं काम माझ्याचकडे होतं.

जानेवारी 2011. गावच्या स्पर्धेची फायनल, आमचं गाव आणि शेजारचं गाव. शेवटची पाचेक मिनिटं राहिली होती, गोल एकही नाही. आमच्या बचावात माझा पुतण्या, धाकट्याचा थोरला, एकोणीस वर्षांचा. समोरचा पोरगा चेंडू घेऊन त्याच्यातून सुटला. पुतण्याने मागून पाय घातला. पोरगा उडून आत पेटीत पडला. डोंबिवलीहून आणलेल्या पंचाने शिट्टी फुंकली आणि हात ठिपक्याकडे केला.

आमची पोरं धावली. पाय बाहेर होता, पडला आत, असं त्यांचं म्हणणं. पंच शांत. तो वाकला आणि जमिनीवर बोट ठेवलं. फक्कीची रेघ तिथे वीतभर पुसली गेली होती आणि पुतण्याच्या बुटाच्या टोकाला पांढरं लागलं होतं. म्हणाला, पाय रेघेवर लागला, रेघ पेटीची आहे, पेनल्टी.

तेवढ्यात कडेने धाकट्याचा आवाज आला. सहा वर्षांनी तो थेट मला उद्देशून बोलत होता. “रेघच वाढीव मारलीय! आपल्या हिश्श्याकडं बरोबर, नि माज्या हिश्श्याकडं जास्ती!” गोल त्याच्या हद्दीतला होता. सगळ्या मैदानाला कळलं की हे फुटबॉलचं बोलणं नाही. शेजारच्या गावचे लोक पुढे सरकले, आमचे त्यांच्याकडे. दोन-चार जणांनी कमरेचे पट्टे हातात घेतले होते.

पंच वयाने लहान होता, पण गडी पक्का. म्हणाला, मैदान मी सामन्याआधी पाहिलंय, निर्णय बदलणार नाही. पण तुमचं समाधान होत असेल तर मोजा. दोन मिनिटं देतो.

मी घरून साखळी आणायला पोराला पिटाळलं. ती आली. एक टोक मी गोलरेघेवर धरलं. दुसरं कुणी धरायचं? आमच्या गावच्याने धरलं तर त्यांना पटणार नाही, त्यांच्याने धरलं तर आमच्यांना. मी धाकट्याकडे पाहून म्हटलं, “तू धर. बापाने दोघांनाबी शिकवलंय.” तो दोन क्षण उभा राहिला. मग आला आणि कडी बोटात अडकवली.

एक साखळी तेहतीस. तिथे काटकी रोवली. पुढे एकवीस फूट. सगळं मैदान वाकून बघत होतं. चौपन्न फूट भरले ते फक्कीच्या बाहेरच्या कडेपर्यंत. आतल्या नाही, बाहेरच्या. म्हणजे रेघेची जाडी मापाच्या आत. कायदाच तसा आहे, म्हणून आखताना मीही तसंच धरतो. पंच काहीच बोलला नाही, बोलायची गरजच राहिली नव्हती. धाकट्याने काटकी उपटली, साखळी गोळा केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “बरोबर हाय.” आणि कडेला जाऊन उभा राहिला.

त्यांच्या पोराने पेनल्टी मारली. आमचा गोली टेम्पो चालवायचा, उंच गडी, बरोबर बाजूला झेपावलाही. बोटांना लागून चेंडू आत गेला. आम्ही एका गोलने हरलो. पुतण्या पेटीतच गुडघ्यांवर बसला. धाकटा गेला आणि त्याला बखोटीला धरून उठवलं. रागावला नाही.

त्या दिवसापासून मी बांधांचा विचार करत आलो आहे. आमच्याकडे बांध अर्धा तुझा, अर्धा माझा. दिसायला न्याय वाटतो, पण भांडणं तिथूनच सुरू होतात. दर वर्षी नांगर वळवताना एक तास जास्त घेतला की बांध वीतभर कोरला जातो. दहा वर्षांत बांधाचा दोर होतो आणि मग कोर्ट. फुटबॉलवाल्यांनी रेघेची वाटणीच केली नाही. पाच इंचांपेक्षा जाड नको म्हणाले, आणि ती कुणाची हे आधीच सांगून टाकलं. भांडायला जागाच ठेवली नाही. तरी माणसं भांडतात, तो भाग वेगळा. पण भांडण झालं तर कुठवर मोजायचं हे ठरलेलं असतं.

आता एक गोष्ट पेनल्टीला जमत नाही, तीही सांगायला हवी. 2010 च्या वर्ल्ड कपात 2 जुलैला घाना आणि उरुग्वे यांचा सामना झाला. जादा वेळेचा शेवटचा क्षण, एक-एक अशी बरोबरी. घानाचा चेंडू गोलात जात असताना उरुग्वेच्या सुआरेझने तो रेघेवर हाताने अडवला. नॉट्स काउंटीच्या गड्यासारखाच. यावेळी कायदा होता. सुआरेझला लाल कार्ड, घानाला पेनल्टी. पण घानाच्या ग्यानने मारलेला चेंडू आडव्या दांडीला लागून वर गेला. नंतर पेनल्टींवर उरुग्वे जिंकले. म्हणजे होणारा गोल गेला तो गेलाच. त्याच्या बदल्यात मिळाली ती फक्त संधी. याच्या उलटही होतं. 6 फेब्रुवारी 2022 ला आमच्या ठाणे जिल्ह्यातच, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आशियाई महिला फुटबॉलची फायनल झाली. मध्यंतराला दक्षिण कोरिया दोन गोलने पुढे, त्यातला दुसरा पेनल्टीवर. मग चीनला पेनल्टी मिळाली, तिथून त्यांचा जीव परत आला आणि शेवटच्या मिनिटांत तीन-दोनने त्या बाया जिंकल्या. माझी नात बचावात खेळते. सामना तिने मला मोबाइलवर दाखवला. ती म्हणाली, “आजोबा, डीमध्ये पाय घालायच्या आधी हात मागे बांधायला शिकवतात आम्हाला.” मी म्हटलं, आमच्या वेळेला पायच बांधायला हवे होते.

घानाच्या त्या पेनल्टीची आठवण मला तीन वर्षांपूर्वी फार आली. आमच्या वरकशीच्या पूर्व बाजूने एक रस्ता काढायचं ठरलं. माझ्या हिश्श्यातून. रंग मारलेले दगड पुरले गेले. मोबदला मिळाला, नाही असं नाही. कागदावर आकडा चांगला होता. पण ज्या जागेत बाप गवत कापायचा, जिथे मी पहिली पेटी आखली, तिचा आकडा कसा काढणार? लोक म्हणाले, पैसे मिळाले ना, मग काय. खरं आहे. पेनल्टीही मिळते. गोल मात्र आपला आपल्यालाच करावा लागतो, आणि काही गोल परत येत नाहीत. तरी मी म्हणतो, बदल्यात काहीच न देणाऱ्या 1891 च्या फेब्रुवारीपेक्षा ते बरं. माणसाला भरपाईचं याहून चांगलं माप अजून सापडलेलं नाही, एवढंच.

रस्त्याचे दगड पूर्वेच्या गोलच्या अलीकडे आले. मैदान वीस फूट पश्चिमेला सरकवावं लागणार होतं. तिकडे धाकट्याने हापूसची कलमं लावून काटेरी कुंपण घातलं होतं. मी त्याला काही विचारलं नाही. विचारायचं कसं तेच कळेना. गेल्या वर्षी दिवाळीनंतर गवत उठलं, तेव्हा साखळी नि फक्कीची गोणी घेऊन सकाळी गेलो. पाहतो तर कुंपण मागे घेतलेलं, खांबांचे जुने खड्डे बुजवलेले, आणि त्या बाजूची दोन कलमं मुळासकट मातीच्या गोळ्यासह उचलून दुसरीकडे लावलेली. धाकटा तिथेच पहारेला लागलेली माती काढत बसला होता.

म्हणाला, “माप घे, दादूस. पेटी आता सगळी माज्यात येतंय.”

मी खांबाच्या जागेवर खुंटी ठोकली. त्याने दुसरी कडी उचलली.